देवस्थानांची संकेतस्थळे आणि यंत्राचा दाखला

गेल्या काही वर्षांत आमच्या देवस्थानांचे बरेचसे व्यवहार संगणकावर गेले, ही गोष्ट आम्हांस मनापासून आवडली आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो. गोव्याबाहेर विखुरलेल्या कुळाव्यांस पूर्वी अभिषेकासाठी मनीऑर्डर करावी लागे. ती पोचली की नाही, सेवा घडली की नाही, हे प्रसादाचे पाकीट टपालाने हाती येईपर्यंत कळत नसे. अग्रशाळेतली खोली हवी तर ओळखीच्या महाजनांस पत्र घालावे लागे. आता बेळगावचा, कारवारचा, बडोद्याचा वा इंदूरचा कुळावी घरबसल्या तिथी पाहतो, सेवा निवडतो, पैसे भरतो आणि पावती घेतो. या सोयीविरुद्ध आमचे एक अक्षरही नाही. आमचे भांडण आहे ते ही सोय प्रत्यक्षात कोणाच्या हाती पडते हे न तपासता ती 'सर्व भाविकांस खुली' म्हणून जाहीर करण्याच्या वृत्तीशी.

आमचे एक जुने वाचक बेळगावास राहतात. वय सत्तरीच्या पुढे. दृष्टी तिशीतच गेली. जन्मभर गायनाच्या शिकवण्या करून त्यांनी संसार चालविला आणि साठीनंतर हट्टाने संगणक शिकून घेतला. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखविणारा स्क्रीन रीडर नावाचा एक प्रोग्राम असतो. त्याच्या साहाय्याने ते आपला पत्रव्यवहार करतात, बँकेचा हिशेब पाहतात, वर्तमानपत्र ऐकतात. माऊसचा त्यांस काही उपयोग नाही, कारण बाण कोठे आहे हे पाहणार कोण? सारा कारभार कीबोर्डाच्या कळांवर चालतो. पत्नीच्या मोठ्या दुखण्यात त्यांनी कुलदेवतेला एक नवस बोलला होता. ती बरी झाली. नवस काय होता हे त्यांनी घरात कोणासही सांगितले नव्हते, आणि देवस्थानाचे नवे संकेतस्थळ झाल्याचे कानावर येताच तो स्वतःच्या हाताने फेडावा, असे त्यांनी ठरविले.

देवस्थानाचे नाव आम्ही देत नाही. दोष त्या एकाचा नव्हे. पान उघडताच चौघडा आपोआप वाजू लागला. डोळसांस तो मंगल वाटला असेल. आमच्या वाचकांस मात्र त्या नादापुढे स्क्रीन रीडरचा आवाजच ऐकू येईना, आणि चौघडा बंद करण्याची कळ कोठे आहे हे सांगणारा आवाज तर त्याच चौघड्याखाली दबलेला. तो एकदाचा संपल्यावर देवीच्या छायाचित्रांची वर्णने ऐकू आली ती अशी: 'आयएमजी दोन शून्य चार तीन', 'आयएमजी दोन शून्य चार चार'. सेवांची यादी माऊसचा बाण वर नेल्याशिवाय उघडत नव्हती. तिथी निवडण्याच्या दिनदर्शिकेपर्यंत कीबोर्ड पोचतच नव्हता. तारीख हाताने लिहिता येते, पण ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशीच लिहावी लागते, हे त्यांनी दुसऱ्या संध्याकाळी चुकतमाकत शोधून काढले. पुढे नाव, गोत्र, नक्षत्र, पत्ता, फोन आणि संकल्प अशा सहा चौकटी. प्रत्येक चौकटीला नाव दिलेले होते. फक्त सहाही चौकटींचे नाव एकच, 'मजकूर'. कोठे चूक झाली की चौकट लाल होई आणि तोंडाने कोणी काही बोलत नसे. शेवटी वेडीवाकडी अक्षरे ओळखण्याचे चित्र, आणि ते ओळखण्याच्या खटपटीत ठरलेली मुदत संपून पान पुन्हा पहिल्यावर. तीन संध्याकाळी गेल्या. चौथ्या दिवशी नातीस बोलावून तो अर्ज तिच्याकडून भरून घ्यावा लागला. 'संकल्प' या चौकटीत काय लिहायचे, आजोबा, असे तिने विचारले. पत्नी समोरच बसली होती.

आम्ही देवस्थानाच्या सचिवांस पत्र घातले. उत्तर सभ्यपणाचे आले. त्यासोबत संकेतस्थळ बांधून देणाऱ्या ठेकेदाराने दिलेला एक दाखला जोडलेला होता: दिव्यांगांच्या सुगमतेबाबत यंत्राने केलेल्या परीक्षेत संकेतस्थळास शंभरांपैकी सत्त्याण्णव गुण. सचिवांनी नम्रपणे विचारले होते की, यापेक्षा अधिक आम्ही काय करावे?

त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

यंत्र खोटे बोलले असे आमचे म्हणणे नाही. त्यास जे विचारले त्याचे उत्तर त्याने खरेच दिले. चित्राला वर्णन आहे काय? आहे. ते वर्णन म्हणजे कॅमेऱ्याने दिलेला क्रमांक आहे, हे यंत्रास कसे कळावे? चौकटीला नाव आहे काय? आहे. पानाची भाषा सांगितली आहे काय? सांगितली आहे, इंग्रजी म्हणून सांगितली आहे, आणि पान तर सारे मराठीत! या शेवटच्या चुकीकडे आमच्या द्वैभाषिक वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. पानाच्या पोटात लिहिलेल्या त्या भाषेच्या खुणेवरून स्क्रीन रीडर कोणता आवाज काढावयाचा ते ठरवितो. खूण इंग्रजीची असेल तर इंग्रजी आवाज देवनागरी अक्षरांशी झटापट करू लागतो. कधी अक्षर अक्षर सुटे उच्चारतो, कधी मुकाट्याने पुढे जातो. मराठी व कोंकणी यांची लिपी एक असली तरी खुणा वेगळ्या आहेत, आणि एकाच पानावर दोन्ही भाषा असतील तर प्रत्येक परिच्छेदावर आपापली खूण हवी. यंत्र खूण आहे एवढेच पाहते. ती खरी आहे की खोटी, हे ती भाषा जाणणाऱ्या माणसाने ऐकूनच सांगावयाचे असते.

हे आमच्याच मनचे नव्हे. इंग्लंडच्या सरकारी संगणक खात्याने २०१७ साली मुद्दाम १४२ अडथळे पेरून एक पान तयार केले आणि बाजारातली तपासणी-यंत्रे त्यावर सोडली. सर्वांत हुशार ठरलेल्या यंत्रासही निम्मेसुद्धा अडथळे सापडले नाहीत, आणि चौथ्या हिश्श्याहून अधिक अडथळे असे निघाले की ते एकाही यंत्राच्या नजरेस पडले नाहीत. पुढे २०१९ साली मानुएल मातुझोविच या ऑस्ट्रियन कारागिराने तर कमालच केली. माऊस, कीबोर्ड वा स्क्रीन रीडर यांपैकी कशानेही वापरता येणार नाही असे एक पान त्याने हेतुपुरस्सर बांधले आणि गूगलच्या लाइटहाउस या यंत्राकडून त्यास शंभरांपैकी शंभर गुण मिळवून दाखविले. जागतिक जाळ्याचे नियम ठरविणारी जी डब्ल्यूथ्रीसी नावाची संस्था आहे तिने १९९९ साली सुगमतेची पहिली मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. २००८ साली दुसरी आवृत्ती आली आणि तीत भर पडत पडत २०२३ साली २.२ ही आवृत्ती निघाली. केवळ यंत्राच्या बळावर कोणतेही संकेतस्थळ सुगम आहे असे ठरविता येत नाही, त्यास जाणत्या माणसाची परीक्षा लागते, असे ही संस्था स्वतःच सांगत आली आहे. ज्यांच्या सूत्रांच्या नावाने दाखले वाटले जातात त्यांचेच हे म्हणणे.

मग यंत्र अजिबात वापरूच नये काय? वापरावे. शितावरून भाताची परीक्षा होते, तेवढी ते करते. शीतच कच्चे निघाले तर पुढे पाहण्याचे कारण उरत नाही. आणि शिते कच्ची निघतात ती काय थोडी! अमेरिकेतील युटा स्टेट विद्यापीठातील वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लक्ष संकेतस्थळांची मुखपृष्ठे यंत्राने तपासते. २०२५ साली त्यांपैकी ९४.८ टक्के पानांत दोष आढळले, आणि दर पानामागे सरासरी ५१. हे झाले यंत्रास दिसणारे दोष. आमच्या बेळगावच्या वाचकांस जे नडले त्यांपैकी बहुतेक या हिशेबात धरलेलेच नाहीत.

दाखल्याहून वाईट असा आणखी एक प्रकार हल्ली बोकाळला आहे. पानाच्या कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचे चित्र असलेले एक बटण लावून मिळते. ते दाबले की अक्षरे मोठी होतात, रंग पालटतात, आणि विक्रेता म्हणतो की, एका ओळीच्या खर्चात आपले संकेतस्थळ सर्व दिव्यांगांस खुले झाले. ज्यास अक्षरे मोठी हवीत त्याने आपल्या संगणकावर ती आधीच मोठी करून घेतलेली असतात. आणि ज्या अंधास स्क्रीन रीडर हवा त्याच्याजवळ तो असतोच, नाही तर तो त्या बटणापर्यंत पोचलाच नसता. असल्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीने केलेले दावे दिशाभूल करणारे आहेत असा आरोप ठेवून अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०२५ साली तिला दहा लाख डॉलर भरावयास लावले. आमच्याकडे मात्र ते बटण अद्याप अभिमानाने दाखविले जाते. पायऱ्यांच्या कडेला चाकाच्या खुर्चीचे चित्र रंगवावे आणि उतार बांधू नये, तशातला हा प्रकार आहे.

यावर कोणी म्हणेल, असे भाविक असतात तरी किती? २०११ च्या खानेसुमारीत देशातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लक्ष नोंदली गेली. त्यांत दृष्टिदोष असलेले ५० लक्षांवर होते. पण आम्ही आकड्यांचा आधार घेऊ इच्छीत नाही. आमच्या महाजनांच्या सभेत डोळे टिपून पाहावे. मोतीबिंदू झालेले किती, हात कापणारे किती, ऐकू कमी येणारे किती? मोबाइलच्या पडद्यावरची करंगळीएवढीही नसलेली खूण थरथरत्या बोटाने दाबता न आल्यामुळे नातवंडांस हाका मारणारे किती? ज्या ठरावावर त्यांनी सही केली त्याच ठरावाने त्यांच्यासाठी दार लावून घेतले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गोड शब्दांत येतो. घरची माणसे मदतीस असतात की! असतात, आणि त्यांचे उपकारही आहेत. पण डोळस भाविकाने आपला संकल्प भरताना घरच्यांस शेजारी बसवून तो मोठ्याने वाचून दाखवावा, असा नियम एखाद्या देवस्थानाने केला तर तो कोणी सहन करील काय? आपल्या बँकेतून येणारा ओटीपी दुसऱ्याच्या हाती द्यावा, असा सल्ला डोळसास कोणी देत नाही. उलट देऊ नका म्हणून सारखे बजावले जाते. अंध भाविकावर तीच सक्ती आमचे संकेतस्थळ करते आणि आम्ही तिला मदत म्हणतो. कीर्तनात गुलाबराव महाराजांचे नाव घेताना आमचा कंठ दाटून येतो, त्यांस आम्ही प्रज्ञाचक्षू म्हणतो; आणि आज तसाच कोणी देवाच्या दारी आला तर वेडीवाकडी अक्षरे ओळखून दाखव म्हणून त्यास अडवितो. 'अपंग' या शब्दाच्या जागी 'दिव्यांग' हा शब्द आला त्यासही आता बरीच वर्षे झाली. शब्द बदलावयास काही खर्च येत नाही.

खर्चाचीच गोष्ट निघाली म्हणून एक जुना खटला सांगतो. सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकच्या वेळी ब्रूस मॅग्वायर या जन्मांध गृहस्थाने तेथील आयोजन समितीच्या संकेतस्थळाविरुद्ध मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली. खेळांच्या निकालांचे तक्ते आणि चित्रे त्यास वाचता येत नव्हती. दुरुस्तीस अतोनात वेळ व पैसा लागेल, असे समितीने सांगितले. आयोगास ते पटले नाही. ऑगस्ट २००० मध्ये निकाल मॅग्वायरच्या बाजूने लागला, आणि तरीही समितीने पुरती दुरुस्ती केली नाही म्हणून पुढे तिला वीस हजार ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. बांधतानाच पाहिले असते तर जे थोडक्यात झाले असते ते बांधल्यावर महाग पडते, हे घर बांधलेल्या कोणासही सांगावयास नको.

आणि आपल्या देशात कायदा नाही असेही नव्हे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. त्याचे नियम २०१७ साली निघाले. सरकारी असो वा खाजगी, सेवा देणाऱ्या प्रत्येकाने आपली सेवा सुगम करावी, असे त्यात आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना असे ठरविले की, सुगमतेचे मापदंड केवळ सल्लावजा ठेवणारा नियम मूळ कायद्याशी विसंगत आहे. मापदंड बंधनकारकच हवेत. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी याच न्यायालयाने डिजिटल व्यवहारांत प्रवेश मिळणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला. तो निकाल बँका आदींच्या ग्राहक-ओळखीसंबंधी आहे, देवस्थानांसंबंधी नाही, हे आम्ही प्रामाणिकपणे नमूद करतो. तथापि त्यातील एक आदेश आमच्या मुद्द्याशी नेमका भिडतो: संकेतस्थळाची ठराविक काळाने जाणत्या तपासनिसांकडून तपासणी व्हावी आणि ते वापरून पाहण्याच्या टप्प्यावर अंध व्यक्तींना सामील करून घ्यावे. न्यायालयाने यंत्राचे गुणपत्रक मागितलेले नाही, माणूस मागितला आहे. ज्या पणजीत जानेवारी २०२३ मध्ये दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट भरला आणि देशभरचे लोक ज्यासाठी आले, त्या गोव्यातील देवस्थानांस अशी माणसे शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही.

हाताने तपासावयाचे म्हणजे काय, असे सचिवांस खरोखरच जाणून घ्यावयाचे असेल तर त्यांनी एका संध्याकाळी कार्यालयात बसून माऊस खणात ठेवून द्यावा. मग टॅबची कळ दाबत दाबत पहिल्या पानापासून पावतीपर्यंत जावे. आपण आत्ता कोठे आहोत हे पडद्यावर दिसते काय? एखाद्या चौकटीत शिरल्यावर बाहेर पडता येते काय, की चक्रव्यूह होतो? नंतर पान चौपट मोठे करावे. मजकूर एकावर एक चढतो का, 'पुढे' हे बटण पडद्याबाहेर निघून जाते का, हे तत्काळ कळेल. देवळाच्या छायाचित्रावर पिवळ्या अक्षरांत छापलेली सूचना दुपारच्या उन्हात मोबाइलवर वाचून पाहावी. अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजेडाचे प्रमाण किमान साडेचारास एक हवे असे सूत्र आहे, परंतु चित्रावर छापलेल्या अक्षरांपुढे यंत्रे बहुधा हात टेकतात आणि डोळ्यांवरच विसंबावे लागते. कीर्तनाच्या चित्रफितीचा आवाज बंद करून ती पाहावी. सबटायटल्स नसतील तर कर्णबधिर भाविकास बुवांचे हातवारे तेवढे दिसतात. अखेरीस स्क्रीन रीडर चालू करून पडदा झाकावा. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मराठी बोलतो, आणि मोबाइलमध्ये तर तसली सोय आधीच घातलेली असते. या एका संध्याकाळीने सचिव तज्ज्ञ होणार नाहीत. पण 'सत्त्याण्णव गुण' हे शब्द पुन्हा त्यांच्या लेखणीतून उतरणार नाहीत, एवढी आमची खात्री आहे.

खरी तपासणी याच्याही पुढची आहे, आणि ती डोळसाने डोळे मिटून होत नाही. जो रोज कानाने वाचतो त्याच्या सवयी निराळ्या असतात. तो मथळ्यांवरून उड्या मारीत जातो, आवाज इतका वेगात ठेवतो की आम्हांस शब्दही कळू नये, आणि दोन क्षणांत सांगतो की येथे मथळा नाही, नुसती ठळक अक्षरे आहेत. म्हणून अशी माणसे बोलवावीत, आणि त्यांस मेहनताना द्यावा. सत्कार, शाल-श्रीफळ नको. संगमरवर बसविणाऱ्या कारागिरास आम्ही श्रीफळावर बोळवीत नाही.

दुसऱ्यांस एवढे बोलल्यावर स्वतःचेही सांगितले पाहिजे. आमच्या बेळगावच्या वाचकांस आम्ही विचारले की, आपण आमचा अंक तरी नीट वाचता ना? ते हसले. आमचे जुने अंक संकेतस्थळावर आहेत ते पानांची छायाचित्रे काढून ठेवलेले. त्यांतले एक अक्षरही स्क्रीन रीडरला अक्षर म्हणून दिसत नाही. युनिकोडपूर्वीच्या काळात टाइप केलेले अंक पाहावे तर तेथे आणखी गंमत. त्या फॉन्टात देवनागरीचे केवळ रूप असते, पोटात रोमन अक्षरे व चिन्हे. त्यामुळे आमचे गंभीर अग्रलेख त्यांस अर्थहीन बडबडीसारखे ऐकू आले. (काही सूज्ञ वाचक म्हणतील की फरक फारसा पडला नसेल.) नव्या अंकांत मराठी आणि कोंकणी या दोन्ही मजकुरांवर आम्ही एकच खूण लावून बसलो होतो, आणि दोन्ही भाषांचा अभिमान मात्र मुखपृष्ठावर छापीत होतो. यंत्राने आम्हांसही चांगले गुण दिले होते. दोन अंध वाचकांकडून आम्ही आता आमची पाने तपासून घेत आहोत. त्यांनी पहिल्याच बैठकीत एकतीस दोष लिहून दिले, त्यांपैकी एकोणीस दुरुस्त झाले आहेत. जुने अंक पुन्हा टाइप करण्याचे काम मोठे आहे आणि ते सावकाश होईल.

महाजनांच्या येत्या सभेत संकेतस्थळाच्या ठेक्याचा विषय जेथे जेथे निघेल तेथे आमच्या वाचकांनी उठून एवढे एकच मागावे: करारात असे लिहा की, शेवटचा हप्ता दाखला पाहून दिला जाणार नाही. एक अंध, एक कर्णबधिर आणि एक हात थरथरणारा, अशा तीन भाविकांनी कोणाच्याही मदतीवाचून अभिषेक व खोली यांची नोंद पुरी करून पावती घेतल्यावरच तो दिला जाईल; आणि संकेतस्थळात फेरफार झाला की हीच परीक्षा पुन्हा होईल. ठेकेदार कुरकुर करील. ती ऐकून घ्यावी आणि कलम तसेच ठेवावे. सचिवांस आम्ही हा मसुदा पाठविला आहे. तो कार्यकारिणीपुढे ठेवू, असे त्यांनी कळविले आहे.